पाऱ्यात बुडालेली विमला

अनंतरावांचं एकच म्हणणं होतं. रायपुरात शुद्ध मराठी बोलणारा आता एकच माणूस उरलाय, आणि तो रोज सकाळी त्यांच्याच आरशासमोर उभा राहून दाढी करतो. हे ते कोणालाही सांगत, आणि सांगताना टेबलावर हात आपटून म्हणत, "मले बिलकुल शुद्ध पाहिजे! मिलावट बर्दाश्त नाही होत!" समोरचा हसला की त्यांचा पारा चढायचा. आधी कान लाल, मग नाक, आणि मग आख्ख्या तात्यापाऱ्याला कळायचं की अनंतराव जागे झालेत.

आता पारा म्हणजे काय, ते आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथंच आहे. छत्तीसगढीत मोहल्ल्याला पारा म्हणतात. तात्यापारा, ब्राह्मणपारा, असे कितीतरी पारे रायपुरात आहेत. अनंतरावांचं घराणं भोसल्यांच्या फौजेमागून इथं आलेलं, आणि हा शब्दही त्याच फौजेबरोबर नागपुराहून घोड्यावर बसून आला, अशी त्यांची पक्की समजूत होती. रेल्वेत हेडक्लार्क म्हणून जन्म गेला, पण ती समजूत काही गेली नाही.

घरात तीनच माणसं. अनंतराव, त्यांच्या पत्नी विमलाबाई, आणि नात पूर्णिमा. पूर्णिमाचे आईबाप नोकरीपायी बिलासपूरला, आणि ही सायन्स कॉलेजात शिकायला आजोबांकडे. पोट्टी हुशार, पण आजोबांनी मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीतच. "पूर्णिमा, जेवली काय?" "हाँ आबा, खा लिया." कळायचं सगळं, बोलायची काही नाही. ह्यावरून घरात दिवसातून एकदा तरी कान आणि नाक लाल व्हायचं.

पूर्णिमाला पाण्याचं वेड होतं. वस्तीमागच्या तलावाचं पाणी किती गढूळ आहे, हे ती रोज सकाळी सातला मोजायची. त्यासाठी मिळते एक काळीपांढरी तबकडी, दोरीला बांधून पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी किती गेली ते बघायचं. तशी तबकडी कुठून आणणार? तिनं आजीची स्टीलची थाळी घेतली. थाळीवर मोठ्या अक्षरांत कोरलं होतं, "सौ. विमला". ते नाव वाचता येईनासं झालं की पूर्णिमा दोरीला चिमटा लावायची आणि कॉपीत, म्हणजे वहीत, आकडा लिहायची. छत्तीसगढ राज्य होऊन चार वर्षं झाली होती, रायपूर राजधानी झालं होतं, पानठेलासुद्धा राजधानी पान पॅलेस झाला होता. पण राजधानीच्या तलावाचं पाणी मोजायला विमलाबाईंची थाळीच होती.

त्या घरात भांडी नावानंच ओळखली जायची. जिच्यावर जे नाव कोरलेलं, तेच तिचं नाव. थाळी म्हणजे विमला. अनंतरावांच्या आईच्या लग्नातली पितळी घागर म्हणजे गोदावरी. "गोदावरी भरली काय?" "विमला घासून ठेव गं." नवखा पाहुणा दारातून परत जायचा.

तर एक दिवस पूर्णिमा कॉलेजातून एक कागद घेऊन आली. कोकणात समुद्रकाठी एक संस्था होती, गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा अभ्यास करणारी. ती दर उन्हाळ्यात आठ विद्यार्थ्यांना फेलोशिप द्यायची. दोन महिने तिथंच राहायचं, खाडीत फिरायचं, पाणी तपासायचं, मासे मोजायचे. पूर्णिमानं समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला होता. रायपुरातून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र यायच्या आधी झोप येते.

"आबा, मुझे ये चाहिए," ती म्हणाली. एवढंच. पण एरवी ती नव्या चपलासुद्धा मागत नसे. अनंतरावांना ते आत कुठंतरी लागलं.

अट मात्र विचित्र होती. तिथल्या कोळ्यांशी रोज बोलावं लागतं, म्हणून अर्जासोबत आपल्या जवळच्या पाण्यावर दोन पानांचा निबंध, मराठीत, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या हातानं लिहिलेला.

"बस!" अनंतराव म्हणाले. "हे काम माह्यावर सोड. तू हिंदीत सांग, मी फक्त जरासं शुद्ध करतो."

जरासं म्हणता म्हणता त्यांनी दोन पानं एकटाकी लिहून काढली. पूर्णिमानं एकदा तोंड उघडलं. "आबा, ये पारा मत लिखो न. मोहल्ला लिखो, नहीं तो वस्ती."

"काहून? पारा काय वाईट आहे? तुह्या पणज्याच्या पणज्यापासूनचा शब्द आहे तो!" कान लाल झाले. पूर्णिमाची परीक्षा डोक्यावर होती, म्हणून ती सगळं जसंच्या तसं आपल्या अक्षरात उतरवून मोकळी झाली.

निबंधात काय होतं? तर हे होतं:

"आमच्याकडचा पारा फार जुना, भोसल्यांच्या काळापासूनचा आहे. तळ्याच्या चारही बाजूंना पारा आहे. पाऱ्यातली मुले ह्याच पाण्यात पोहायला शिकतात. राजधानी झाल्यापासून पारा झपाट्याने वाढत आहे, आणि पारा वाढला तसे पाणी बिघडले. आम्ही रोज सकाळी सात वाजता विमला दोरीला बांधून पाण्यात सोडतो. पूर्वी विमला तीन हातांपर्यंत दिसे. आता दीड हातावर दिसेनाशी होते. हेच पाणी आम्ही गोदावरीत सोडून पाहिले. चार दिवसांनी गोदावरीच्या तळाशी बोटभर गाळ बसला."

अर्ज गेला. पंधरा दिवसांनी दुपारी फोन वाजला. पूर्णिमा कॉलेजात होती, म्हणून अनंतरावांनीच उचलला.

"मी डॉक्टर सरोजिनी बोलतेय, कोकणातून," पलीकडून बाईंचा घाबराघुबरा आवाज आला. "पूर्णिमाचा निबंध आमच्या सगळ्या समितीनं वाचला. आम्ही हादरलो आहोत हो! तुमच्याकडे पारा नक्की किती आहे?"

अनंतरावांची छाती फुगली. कोकणापर्यंत पाऱ्याची कीर्ती! "लय मोठा आहे जी मॅडम. इकडून धरा, तं पार गोल बाजारापर्यंत."

"अरे देवा! आणि माणसं राहतात तिथं?"

"राहतात म्हणजे? माहा जन्मच पाऱ्यातला. सत्तर वर्षं झाली, एक दिवस पाऱ्याबाहेर झोपलो नाही."

"आणि तब्येत?"

"ठणठणीत! पाऱ्याचंच पाणी आहे ते, मॅडम."

पलीकडे पेनानं काहीतरी खरडल्याचा आवाज आला. "आणि... ती विमला? तिला खरंच दोरीनं बांधून सोडता?"

"मंग! दोरी नाही बांधली तं तळाशी जाईन न. मागं एकदा गाठ सुटली होती, तं दोन पोट्टे डुबकी मारून काढून लाये."

"वर काढल्यावर काय करता तिचं?"

"राखेनं घासतो, पुसतो. मंग बारा वाजता मले तिच्यातच जेवण लागते."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "पूर्णिमाचं नाव आमच्या यादीत पहिलं आहे. पण मी स्वतः येऊन पाहते. तोवर कोणी पाण्याला हात लावू नका. आणि विमलाबाईंना कृपा करून घरात ठेवा!"

अनंतरावांनी फोन ठेवला आणि घरात हाक मारली, "अवो, पोट्टी पहिली आली! तपासायले खुद्द मॅडम येऊन राहिल्या! आणि काय माणूस आहे पाहा, तुमचीबी चौकशी केली!"

"माही?" विमलाबाई म्हणाल्या. "माही काहून?"

"संस्कार म्हणतात त्याले."

संध्याकाळपर्यंत ही बातमी पाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकाला पोचली. जो तो पूर्णिमाला समुद्राकडून काय काय आणायचं ते सांगायला आला. शेजारच्या शामरावांना समुद्राचं पाणी बाटलीभर पाहिजे होतं, खरंच खारं असते काय ते चाखायला. अभनपूरच्या मावशीनं फोन करून शंख मागितला, तोही वाजणारा. पूर्णिमा सगळ्यांना हव हव म्हणत होती आणि तिचं हसू काही केल्या मावळत नव्हतं. अनंतरावांनी तिला इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं, आणि आपण लिहिलेल्या दोन पानांनी हे झालं, म्हणून ते दोन दिवस कोणावरही चिडले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सरोजिनीबाई आल्या. तोंडाला मास्क, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि हातात तपासणीचा मोठा डबा. रिक्षावाला त्यांना सोडून इतक्या घाईत गेला की भाडं घ्यायला परत यावं लागलं. तलावाच्या घाटावर सगळी वस्ती जमली होती. बाईंनी चार ठिकाणचं पाणी काढलं, नळ्यांत औषधं टाकली, घड्याळ लावलं. पाण्याचा रंग काही बदलेना. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"अहो, पारा कुठंय?" बाई शेवटी म्हणाल्या.

अनंतरावांना वाटलं, बाई प्रवासानं थकल्या. त्यांनी दोन्ही हात पसरले. "हा काय जी. तुमी पाऱ्यातच उभ्या आहा."

बाईंनी जी उडी मारली, ती थेट धुण्याच्या दगडावर. तिथून त्या खाली उतरायला तयार होईनात. तेवढ्यात विमलाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या.

"ह्या आमच्या विमला," अनंतराव म्हणाले.

सरोजिनीबाईंनी दगडावरूनच त्यांचा हात धरला. "तुम्ही! बरं वाटतंय ना तुम्हाला? चक्कर? हात थरथरतात?"

"नाही बाप्पा," विमलाबाई घाबरून म्हणाल्या. "चहात साखर कमी असन तं सांगा."

"आणि रोज सकाळी तुम्ही दीड हात खाली..."

"मी?" विमलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अवो, तुमी ह्या बाईले काय सांगून ठेवलं माह्याबद्दल?"

तेव्हा पूर्णिमा पुढे झाली. तिनं पिशवीतून थाळी काढली आणि बाईंसमोर धरली. सौ. विमला. मग घराकडे बोट दाखवलं, ओट्यावर पितळी घागर उपडी घातलेली होती. गोदावरी. मग शामरावांच्या भिंतीवरच्या पत्र्याच्या पाटीकडे बोट केलं. तात्यापारा, रायपूर.

बाईंनी पाटी वाचली. थाळी वाचली. पुन्हा पाटी वाचली. मास्क काढला. त्या हसतील असं सगळ्यांना वाटलं, पण बाईंचा चेहरा काही हसण्याचा नव्हता. दोन दिवस गाडीत बसून, सगळी कामं टाकून आलेल्या माणसाला हसू कसं येणार?

"मी वर कळवून आले आहे, पाऱ्याचं प्रदूषण म्हणून," त्या सावकाश म्हणाल्या. "गोदावरी नदीपर्यंत पोचलंय म्हणून! ह्या निबंधावर पहिला नंबर दिला आम्ही. पूर्णिमा, हा तू लिहिलास?"

पूर्णिमाचा चेहरा पांढरा पडला. ती मान खाली घालून उभी राहिली.

अनंतरावांनी मनात हिशेब मांडला. गप्प राहावं, तर पोट्टी खोटारडी ठरते, समुद्र गेला. खरं सांगावं, तर निबंध स्वतःच्या शब्दांत नाही, समुद्र तरीही गेला. इकडं आड तिकडं विहीर, आणि दोन्ही त्यांनी स्वतः खणलेल्या. त्यातल्या त्यात एक होतं. निदान पोरीच्या नावावर खोटं नको. त्यांनी टोपी काढली.

"मॅडम, तो मी लिहिला. तिनं नाही. ती म्हणून राहिली होती, मोहल्ला लिहा म्हणून. मीच ऐकलं नाही." त्यांनी टोपीची घडी घातली. "मले वाटे पारा म्हणजे अस्सल मराठी. माही मराठी शुद्ध नाही जी. इथलीच आहे. आज कळलं."

सगळ्या घाटासमोर हे बोलायला अनंतरावांना किती जड गेलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. शामराव तर दुसरीकडे बघायला लागले.

सरोजिनीबाईंनी सुस्कारा सोडला आणि डबा बंद करायला घेतला. "तुमचा प्रामाणिकपणा कळला, आजोबा. पण मग माझा नाइलाज आहे. हिनं निबंध लिहिला नाही, आल्यापासून माझ्याशी मराठीत एक शब्द बोलली नाही. तिथं कोळणींशी बोलणार कशी ही? नाव काढावं लागेल."

आणि तिथं पूर्णिमाचे कान लाल झाले.

मग नाक.

"थांबा जी मॅडम!" तिनं थाळी दगडावर आपटली, घाटावरची कबुतरं उडाली. "आणि आबा, तुमी! तुमाले कितीक डाव म्हटलं मी, वस्ती लिहा, मोहल्ला लिहा! कोणाचं ऐकता काय तुमी? दोनशे दिवस झाले, मी रोज सकाळी इथं येऊन मरून राहिली! थंडीत बोटं गारठली, तरी दोरी नाही सोडली! लोकं हसून राहिले, पोट्टी पागल झाली म्हणून! आणि तुमी एका शब्दापायी सारं डुबवून टाकलं! आता टोपी कायले काढून राहिले? घाला ती टोपी, मले नाही पाहवत! आणि मॅडम, तुमीबी! मघापासून पारा पारा करून राहिल्या, पण आकडे पाहिले काय कोणी? माही कॉपी कोणी उघडून पाहिली काय? एका निबंधावर नंबर देता, एका निबंधावर काढता, हे कोणतं सायन्स होय जी?"

शामरावांच्या हातातला चहा कलंडला तरी त्यांना कळलं नाही.

"अगं बाई," विमलाबाईंच्या तोंडून निघालं. "पोट्टी मराठी बोलून राहिली!"

वीस वर्षं अनंतरावांनी ज्यासाठी जीव टाकला होता, ते सगळं एका दमात त्यांच्या अंगावर येऊन पडलं होतं, तेही त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच नाकासकट. शिव्या खाऊन एवढं सुख होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं टोपी घातली.

सरोजिनीबाई दगडावरच बसल्या. "कॉपी दे," त्या म्हणाल्या.

पूर्णिमानं दिली. बाई पानं उलटत गेल्या. दोनशे दिवस, दोनशे आकडे, एकही सकाळ चुकलेली नाही. कोणत्या दिवशी किती पायऱ्या उघड्या पडल्या, गणपती विसर्जनानंतर किती दिवस विमला एका हातावरच बुडत होती, पाणी पुन्हा निवळायला किती दिवस लागले. एका पानावर आकड्याखाली लिहिलं होतं, "आज विमला नहीं मिली, कल ढूँढेंगे." तिथं मात्र बाईंना हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर ते काही आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"आमच्याकडे बंदरावर," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "पोरं येतात मोठ्या शहरांतून. गोड गोड मराठी बोलतात. कोळणी त्यांना दहा मिनिटांत रडवून परत पाठवतात. ही टिकेल." मग त्यांनी फाउंटन पेन काढलं. "निबंध हिला पुन्हा लिहावा लागेल, आज, माझ्यासमोर. आणि आजोबा, तुम्ही तोवर घरात बसायचं. दार लावून."

"हव, बिलकुल!" अनंतराव म्हणाले.

"आता अहवालात पाऱ्याचं काय लिहू?" बाई स्वतःशीच म्हणाल्या.

"लिहा न, सापडला म्हणून," विमलाबाई कपबश्या गोळा करत म्हणाल्या. "आजोबात होता, आता नातीतबी उतरला."

पूर्णिमा मे महिन्यात गेली. विमला सोबत गेली, कारण त्या थाळीशिवाय आकडे जुळणार नाहीत असं पूर्णिमाचं म्हणणं होतं. अनंतराव स्टीलच्या दुसऱ्या थाळीत जेवू लागले आणि रोज तक्रार करू लागले की वरणाला चव नाही.

आठव्या दिवशी सकाळी फोन आला. मागून कसला तरी मोठा घूंघूं आवाज येत होता.

"आबा, मैं पहुँच गई थी, लाइन नहीं लग रही थी. सब ठीक है. खाना ठीक है. यहाँ सब पूछते हैं, कौन गाँव की मराठी है तेरी."

"मंग? काय सांगतलं?"

"बोल दिया, पारे की."

अनंतराव हसले. मग जरा वेळानं हळूच विचारलं, "आणि समुद्र पाहिला काय गं?"

नुसता तो घूंघूं आवाज. अनंतरावांना वाटलं लाइन कटली. ते हॅलो हॅलो करणार, तेवढ्यात तिचा आवाज आला, बारीक, लहानपणी पहिल्यांदा हत्ती पाहून आली होती तेव्हासारखा.

"आबा, लय मोठा आहे जी."

"किती मोठा?"

"आपल्या पाऱ्याहूनबी मोठा."

अनंतरावांनी रिसीव्हर कानाशी दाबून धरला. कान लाल झाले होते, नाकही. विमलाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, की आता ओरडतात म्हणून. पण ओरडणं काही आलं नाही. म्हातारा चक्क रडत होता.